लाल वायर सगळेच बघतात, काळी कोण बघतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत शामरावनगरात १९९६ साली बांधलेलं तळमजल्याचं घर. आता वर मजला चढवलाय, तिथं मुलगा-सून वेगळे राहणार, म्हणून दुसरं मीटर घ्यायचंय. जुनं मीटर व्हरांड्यात लाकडी फळीवर आहे, तेही काढून दोन्ही मीटर एका पेटीत आणायची आहेत. वायरमनचं म्हणणं असं: पेटी जिन्याखाली बसवू, पाइप बारीक आहे म्हणून वर फक्त फेज (करंट आणणारी लाल वायर) नेऊ आणि न्यूट्रल (परतीची काळी वायर) खालच्याच बोर्डातून उचलू, ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून तो नको, आणि अर्थिंगला जागा नाही तर अर्थ न्यूट्रललाच जोडून देऊ. या चार गोष्टी बरोबर आहेत का, आणि नियम काय म्हणतो?

दादा, चारही नकोत. तुमचा वायरमन लबाड आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडं वर्षानुवर्षं कामं अशीच झाली, दिवा लागला की काम झालं. मला लायसन्सवर काम करायला लागून २८ वर्षं झाली, आणि सुरुवातीला यातल्या दोन चुका मीही केल्यात. तेव्हा कळत नव्हतं. बोर्ड उघडला की सगळ्यांची नजर लाल वायरवर जाते, कारण शॉक तिचा बसतो. पण मी आजवर जेवढे घोळ निस्तरले त्यातले निम्म्याहून जास्त काळ्या वायरीचे होते. तुमच्या चारपैकी तीन मुद्देही काळ्या वायरीशीच येऊन थांबतात.

आधी हद्द कुठं आहे ते बघू. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, कंपनीचं कटआऊट (फ्यूज), मीटर आणि त्यावरची सीलं महावितरणची. पुरवठा जिथं सुरू होतो असं नियम मानतो ती जागा म्हणजे तुमच्या मेन स्विचची इनकमिंग टर्मिनल्स. तिथून पुढचा मेन स्विच, डीबी (घरात लाइन वाटणारी पेटी), वायरिंग, अर्थिंग सगळं तुमचं, आणि त्यात काही झालं तर उत्तरदायीही तुम्ही. म्हणून जुनं मीटर फळीवरून काढून नव्या पेटीत नेणं हे वायरमनचं काम नाही. तुमच्या उपविभागीय कार्यालयात मीटर स्थलांतराचा अर्ज द्यायचा, मग त्यांचा माणूस येऊन सील तोडतो आणि नवं लावतो. "दहा मिनिटांत हलवून देतो, कुणाला कळत नाही" म्हणणारे भेटतील. २००३च्या वीज कायद्यात मीटरशी छेडछाडीला कलम १३८ आहे आणि वीजचोरीला कलम १३५. तुटलेलं सील सापडलं की तुम्ही एक युनिटही चोरलं नाही हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं, आणि तो दहा मिनिटांचा कारागीर त्या दिवशी फोन उचलत नाही.

नियम म्हणजे नक्की काय, तेही सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधी २०१०चे होते, आता २०२३चे लागू आहेत. वायरिंग कसं करायचं ते आयएस (भारतीय मानक) ७३२ मध्ये आणि अर्थिंग आयएस ३०४३ मध्ये. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच तुम्ही स्वतः बदललात तर हरकत नाही. पण नवी लाइन ओढणं, लोड वाढवणं, मेन बोर्ड बदलणं हे लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच झालं पाहिजे आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट नव्या कनेक्शनच्या अर्जाला जोडावा लागतो.

आता पेटीची जागा. तुम्ही शामरावनगरात राहता, म्हणजे तुम्हाला पाण्याचं मी काय सांगणार! पावसाळ्यात आपल्याकडं पहिला प्रश्न 'आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलाशी) किती फूट?' हाच असतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि २०२१च्या जुलैत पुन्हा नदी घरात आली. २०१९ नंतरचे दोन महिने मी दुसरं काही केलंच नाही, नुसत्या मीटरपेट्या आणि डीबी. गाळानं भरलेली डीबी उघडायची, आतले एमसीबी (करंट जास्त झाला की आपणहून पडणारे स्विच) काढून कचऱ्यात टाकायचे. लोकांचा जीव तुटायचा. "अहो, उन्हात वाळवलेत, चालतायत की." चालतात, दांडा वर-खाली होतो. पण आतली पट्टी आणि स्प्रिंग गाळानं आणि गंजानं अडकली असेल तर शॉर्ट झाल्यावर तो पडेलच याची खात्री कुणी द्यायची? पुरात बुडालेला एमसीबी, आरसीसीबी (ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात तो), सॉकेट, स्विच परत वापरायचा नाही. पाइपातली पीव्हीसी वायर मात्र जॉइंट नसेल तर बहुतेक वाचते. ती ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) तपासायची, निदान १ मेगओहम आला तर ठेवायची.

तर जिन्याखाली पेटी म्हणजे घरातली सगळ्यात खालची आणि सगळ्यात दमट जागा. शिवाय जिन्याखाली काय असतं? दुचाकी, रद्दी, रिकामी सिलिंडर, आता तर इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंगही तिथंच. मीटरपेटी पेटली की धूर सरळ जिन्यातून वर जातो आणि वरच्यांची खाली यायची वाट तीच. या एका कारणानं मी कोरड्या उपनगरातही जिन्याखाली पेटी लावायला नकार देतो.

तुमचा जिना बाहेरून आहे असं धरून चालतो, गच्चीवर नंतर मजला चढवलेल्या घरांत बहुधा तसाच असतो. २०१९ला पाणी कुठवर आलं त्याची रेघ अजून भिंतीवर दिसत असेल, नसेल तर शेजाऱ्यांना विचारा. पेटीचा तळ त्या रेघेच्या निदान दोन फूट वर पाहिजे. मग ती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर जाते आणि रीडिंग घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून महावितरण हरकत घेतं, आणि ते बरोबरच आहे. यावर तोडगा जिन्याचा मधला टप्पा. टप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर मीटर येईल अशी पेटी लावायची. पुरापासून उंच आणि रीडरलाही सोयीची. जागेवर शेवटचा शब्द कंपनीचा, तेव्हा पेटी ठोकण्याआधी शाखा अभियंत्याला जागा दाखवा, मागून भांडू नका. वर पत्र्याची छोटी पडवी काढा. पावसाळ्यात झड बहुतेक पश्चिमेकडून येते, शक्य असेल तर पेटीचं तोंड त्या बाजूला नको.

पेटी लाकडाची नको, लाकडी फळीही नको. पॉलिकार्बोनेट, एसएमसी (फायबर मिसळलेलं प्लास्टिक) किंवा जाड पत्र्याची घ्या. पत्र्याची असेल तर तिला स्वतंत्र अर्थ आणि वायर जिथून आत शिरते तिथं रबरी ग्लँड. ग्लँड नसला की पत्र्याची कड वर्षभर वायर कातरत राहते. वायर पेटीत खालून घ्या. वरून घेतलीच तर आधी खाली झोल देऊन मग आत, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट मीटरच्या टर्मिनलवर येतं.

प्रत्येक मीटरला लागूनच त्याचा मेन स्विच. दोन्ही मेन टप्प्यावर आले की तुम्हाला एक फायदा आपोआप मिळतो: पाणी चढायला लागलं की जिन्यावर कोरडं उभं राहून तळमजल्याचा मेन पाडता येतो आणि वरचा मजला चालू राहतो. कंपनी पुढं पूर्ण भागाचीच लाइन बंद करते, पण त्याआधीचे चार-पाच तास सामान वर हलवायला उजेड लागतो. खालची सॉकेटही या वेळी चार फुटांवर घेऊन टाका.

डीबीच्या जागेबद्दल आयएस ७३२ मधली एक गोष्ट आमच्या लोकांच्याही लक्षात नसते. स्विचबोर्ड गॅसच्या शेगडीवर किंवा सिंकच्या वर लावायचा नाही, आणि धुण्याच्या जागेपासून अडीच मीटरच्या आत नाही. उघडा बोर्ड असेल तर तळ जमिनीपासून १.२५ मीटरच्या वर पाहिजे. स्वयंपाकघरातली मोकळी भिंत बघून सरळ सिंकच्या डोक्यावर डीबी मारलेली मी कितीतरी घरांत बघतो.

आता काळी वायर. वर फेज वेगळ्या मीटरचा आणि न्यूट्रल खालच्या बोर्डातून, हा तुमच्या वायरमनचा सगळ्यात महाग सल्ला आहे. महाग अशासाठी की तो दर महिन्याला बिलात दिसेल. विश्रामबागेत एका बंगल्यावर मला असंच बोलावलं होतं. खाली मालक, वर भाडेकरू, दोघांची मीटर वेगळी. मालक म्हणे, आम्ही दोघंच म्हातारा-म्हातारी, गिझरसुद्धा लावत नाही, आणि बिल वरच्या चौघांएवढं येतं. संशय भाडेकरूवर होता, त्यानं आमच्या लाइनीवर आकडा टाकलाय म्हणून. बोलणं बंद झालेलं. मीटर बदलायचा अर्ज देऊन झालेला, मीटर तपासून बरोबर निघालेलं. मी खालचं सगळं बंद करायला लावलं, फ्रिजसुद्धा, पण मेन चालूच ठेवला, आणि वरच्यांना गिझर लावायला सांगितला. खालच्या मीटरचा पल्सचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

त्याचं कारण असं. आताची इलेक्ट्रॉनिक मीटरं फेजमधून गेलेला करंट मोजतात आणि न्यूट्रलमधून परत आलेलाही मोजतात. दोन्ही सारखे असतील तर ठीक. फरक दिसला की चोरी टाळण्यासाठी ज्यात जास्त, त्यावर युनिट धरतात. आता वरचा २,००० वॉटचा गिझर वरच्या मीटरच्या फेजवर चालला आणि परतीचा करंट खालच्या न्यूट्रलमधून गेला. वरच्या मीटरनं फेज बघून तासाला दोन युनिट लावले. खालच्या मीटरनं फेज शून्य पण न्यूट्रल भरलेला बघून तेही दोन युनिट लावले. एकच गरम पाणी, दोन बिलं. भाडेकरू बिचारा निर्दोष होता. तिथं वरच्या डीबीचा न्यूट्रल वेगळा ओढून दिला, पाऊण दिवसाचं काम. नवं मीटर बसल्यावर बिल वाढलं असं लोक म्हणतात तेव्हा मी आधी हीच चाचणी करतो. दर वेळी हेच निघतं असं नाही, पण निघतं तेव्हा भांडण त्याच दिवशी मिटतं.

तेव्हा नियम साधा: ज्या मीटरचा फेज, त्याच मीटरचा न्यूट्रल, आणि दोघे एकाच पाइपातून. पाइप बारीक आहे हे कारणच नाही. एक इंची पाइपात १० एमएमच्या (चौरस मिमी) दोन वायरी आणि अर्थ आरामात जातात. तो नसेल तर टप्प्यापासून वरच्या डीबीपर्यंत भिंतीवरून नवा पाइप टाका, दिसला तर दिसू दे.

याच काळ्या वायरीची दुसरी गोष्ट म्हणजे न्यूट्रलमध्ये फ्यूज. जुन्या घरांत पांढरे चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज शेजारी-शेजारी असतात, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. तुमच्या १९९६च्या फळीवरही बहुतेक असतील. साताऱ्यात मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात त्यातला न्यूट्रलचा उडाला होता. घरात अंधार, म्हणून घरच्या माणसानं लाइट गेली असं धरून पंख्याची वायर हातात धरली. दिवा बंद होता, पण फेज घरभर जिवंत होता. तो वाचला, कारण लाकडी खुर्चीवर उभा होता. नियमात हे स्पष्ट आहे: न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज, लिंक किंवा स्विच घालायचा नाही. तोडायचा असेल तर फेजबरोबर एकाच दांड्यानं दोन्ही एकदम तुटले पाहिजेत. म्हणून सिंगल फेजला मेन डबल पोल आणि थ्री फेजला न्यूट्रलसकट चार पोल. (दुकानात "डीपी द्या" म्हणालात तर डबल पोल मिळेल. आपल्याकडं डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हे पुण्याहून आलेल्या पोरांना कळत नाही.) जुना लोखंडी हँडलवाला आयसीडीपी (लोखंडी पेटीतला डबल पोल मेन) असेल तर तोही उघडून बघा. त्याचा दांडा दोन्ही एकदम तोडतोच, म्हणून त्यात न्यूट्रलच्या जागी तांब्याची लिंक हवी, फ्यूजची तार नको.

तिसरी गोष्ट खांबावरची आहे, पण भोगावी घरात लागते. तुमचं कनेक्शन सिंगल फेज असलं तरी खांबावर तीन फेज आणि सगळ्यांचा मिळून एक न्यूट्रल असतो. तो सुटला की दोन घरं ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. हिशेब करून दाखवतो. एका घरात २,००० वॉटचा गिझर, म्हणजे सुमारे २६ ओहम. दुसऱ्या घरात फक्त १०० वॉटचा टीव्ही, म्हणजे ५२९ ओहम. ४०० व्होल्ट यांच्यात वाटले जातात तेव्हा टीव्हीच्या वाट्याला ३८० व्होल्टच्या आसपास येतात. गल्लीतले टीव्ही-फ्रिज एकाच रात्री जळतात ते यानं. लक्षण आधी दिसतं: एक दिवा मंद आणि दुसरा भगभगीत, मिक्सर लावला की पंखा मंदावायच्या ऐवजी जोरात. असं दिसलं की मेन पाडा आणि १९१२ ला तक्रार नोंदवा. घरात याला उपाय म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज कट करणारा रिले, डीबीत एमसीबीशेजारी बसतो. थ्री फेज घेणाऱ्याला तर मी तो घातल्याशिवाय काम संपवत नाही.

न्यूट्रल सुटतो कुठं? बहुतेक जॉइंटवर. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, पुढची तांब्याची, दोन्ही नुसती पिळून वर टेप गुंडाळलेला. दोन धातू दमट हवेत एकमेकाला खातात, जॉइंट पांढरट पडतो, तापतो, सैल होतो, मग आणखी तापतो. मीटरपेटीतून तडतड आवाज किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला तर तो हाच. तांबं-ॲल्युमिनियम जोडताना बायमेटल लग (वायरीच्या टोकाला बसवायची दोन धातूंची टोपी), बाकी ठिकाणी क्रिंप केलेला लग किंवा थिंबल. पेटीच्या आत टेपचा जॉइंट एकही नको.

अर्थ न्यूट्रललाच जोडू, हा चौथा सल्ला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वरकरणी चालतं, टेस्टर शांत, सगळं ठीक. पण बाहेर न्यूट्रल सुटला की चालू असलेल्या बल्ब-पंख्यातून फेज मागे फिरून न्यूट्रलवर येतो, आणि तुम्ही न्यूट्रल अर्थच्या पट्टीला जोडलाय, म्हणजे फ्रिजचं दार, गिझरची टाकी, धुण्याचं मशीन, पत्र्याची मीटरपेटी सगळ्यावर एकदम करंट. फॉल्ट शेजारच्या गल्लीत आणि शॉक तुमच्या बाथरूममध्ये. न्यूट्रलला अर्थ कंपनी देते, ट्रान्सफॉर्मरवर. घरात आपण तो जोडायचा नाही.

जागा नाही म्हणता, पण पाइप अर्थिंगला जागा लागते किती? आयएस ३०४३ प्रमाणं जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप ४० मिमीचा आणि अडीच मीटर लांबीचा, इमारतीपासून दीड मीटर दूर. कंपाउंडच्या कोपऱ्यात दोन फूट जागा मिळाली तरी बस. तुमच्याकडं काळी माती आणि पाणी वर, म्हणजे ओहम चांगला, म्हणजे कमी, लागतो. आटपाडी-जतच्या मुरमात किंवा माण-खटावच्या खडकात आम्ही पाइप ठोकता-ठोकता घामाघूम होतो आणि तरी आकडा खाली येत नाही, मग दोन-तीन पाइप अंतरावर ठोकून एकत्र जोडावे लागतात. काळ्या मातीचा दोष एवढाच की एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. वर सिमेंटची छोटी कुंडी ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. मीठ-कोळसा घातला तर चालतो, पण मीठ पाइप खातं. केमिकल अर्थिंगच्या हजारो रुपयांच्या पिशव्या एका घराला गरजेच्या नाहीत, हे माझं मत. विकणाऱ्याचं वेगळं असेल.

आता ईएलसीबी. सवयीनं सगळे तसं म्हणतात, खोक्यावर आरसीसीबी छापलेलं असतं. "अर्थिंग चांगलं असलं की ईएलसीबी कशाला?" हा प्रश्न मला इंजिनिअर लोकही विचारतात, म्हणून पुन्हा आकडेच बघू. तुमचं अर्थिंग उत्तम आहे, ५ ओहम. गिझरच्या टाकीला फेज लागला. करंट किती जाईल? २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर, ट्रान्सफॉर्मरकडचा अर्थ धरला तर आणखी कमी. तुमचा मेन ३२ अँपिअरचा असेल तर एमसीबीच्या मानकाप्रमाणं १.४५ पट करंटला, म्हणजे ४६.४ अँपिअरला, त्यानं एका तासाच्या आत पडायचं असतं. त्याच्या खाली पडेलच अशी हमी नाही. गिझरचा स्वतःचा १६चा एमसीबीही झटक्यात पडत नाही, कारण सी टाइपच्या एमसीबीला झटक्यात पडायला ५ ते १० पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. तो तापून पडेल, पण काही सेकंदांनी. तेवढा वेळ टाकी जिवंत.

आरसीसीबीला ३० मिलिअँपिअर पुरतात. उन्हाळ्यात तुमचं अर्थिंग बिघडून १०० ओहम झालं तरी २.३ अँपिअर वाहतील, त्याच्या गरजेच्या पंचाहत्तर पटीहून जास्त, आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडेल. अर्थिंग आणि आरसीसीबी या एकमेकांना पर्याय नाहीत, जोडी आहेत. आणि हे ऐच्छिकही नाही, २ किलोवॉटच्या वरच्या घरगुती जोडणीला सुरक्षा नियम असं उपकरण मागतातच.

मग तो सारखा का पडतो? कारण फेज त्याच्यातून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, हे एकच तो बघतो. न्यूट्रल दुसऱ्याच बोर्डातून उचलला असेल तर तो पडणारच, आणि तुमच्या वायरमननं सांगितल्यासारखं काम केलं तर पहिला दिवा लावताच पडेल. मग तो म्हणेल, "बघा, मी म्हणालो होतो ना!" आपल्याकडं दुसरं मोठं कारण इन्व्हर्टर. इन्व्हर्टरला फेज-न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढून (घराकडच्या बाजूनं) दिलेला असतो आणि त्यावरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल जुन्या सामाईक पट्टीवर, आरसीसीबीच्या मागे (मीटरच्या बाजूला). दोन्ही एकाच बाजूला आणा, रोग गेला. दोन आरसीसीबी असतील तर दोन वेगळ्या न्यूट्रल पट्ट्या, मिसळायच्या नाहीत. एवढं करूनही पडत असेल तर गिझरची कॉइल किंवा जुना फ्रिज गळतोय. एकेक एमसीबी पाडून शोधा. तो तुम्हाला त्रास देत नाहीये, चुगली करतोय. आणि त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, वर्षानुवर्षं न दाबलेला आरसीसीबी जाम झालेला मी पाहिलाय.

एमसीबीचं थोडक्यात: तो वायर वाचवतो, यंत्र नाही. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीला १०च्या वर नको, अडीचला १६, चारला २० फार तर २५, सहाला ३२, दहाला ४०. एमसीबी पडतो म्हणून मोठा घालायचा नाही. तुमच्या तळमजल्याचं लोड ५ किलोवॉट धरलं तर सुमारे २२ अँपिअर होतात, म्हणजे ६ एमएम वायर आणि ३२चा डीपी एमसीबी. वर एसी, गिझर, इंडक्शन धरून ८ किलोवॉट झालं तर ३५ अँपिअर, तिथं १० एमएम आणि ४०. मेनला आयसोलेटर लावू नका. दिसायला एमसीबीसारखाच आणि स्वस्त, पण तो आपणहून कधीच पडत नाही. रंग नेहमीचेच: लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. हिरवी वायर संपली म्हणून काळ्यानं अर्थ ओढणाऱ्याला तिथंच थांबवा.

गच्चीवर पुढं सोलर घ्यायचा विचार असेल तर आत्ताच टप्प्यावर पेटीशेजारी दीड फूट जागा मोकळी ठेवा, आणि मेन पाडला तरी पॅनेलकडून येणारी डीसी वायर दिवसा जिवंतच असते हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही तेच.

काम झाल्यावर कॉन्ट्रॅक्टरकडून टेस्ट रिपोर्ट घ्याल तेव्हा मेगरचा आणि अर्थचा आकडा तुमच्यासमोर घेऊन त्यात लिहायला लावा. सही करणारा माणूस घरी आलाच नाही आणि कागद तेवढा आला, असं आपल्याकडं सर्रास होतं. डीबीच्या दाराच्या आत कोणता एमसीबी कशाचा ते मार्करनं लिहा, आणि खाली आरसीसीबीचं बटण शेवटचं कधी दाबलं ती तारीख. जिन्याच्या टप्प्यावर २०१९ची रेघही रंगानं ओढून ठेवा. घर पुढं कुणी विकत घेतलं तर पेटी एवढ्या उंचावर का आहे ते त्यालाही कळेल.